मनोऱ्याच्या तीनशे चोवीस पायऱ्या

व्हेनिस बघायला माणसं कौतुकाने जातात. मी गेले ती चिडून. ऑफिसच्या कामासाठी सिंगापूरहून मिलानला आले होते, शनिवार मोकळा मिळाला, बरोबरची मंडळी खरेदीला निघाली आणि मी एकटीच सकाळच्या गाडीत बसले. "व्हेनिसला काय आहे एवढं?" एकीने विचारलं. "एक मनोरा चढायचाय," मी म्हटलं. पुढचं तिला सांगण्यात काही अर्थ नव्हता.

पुढचं म्हणजे माझे बाबा. बाबा तेलवाहू जहाजांवर इंजिनिअर होते. नऊ-नऊ महिने बाहेर. पुण्याच्या घरात आई आणि मी. मी सहावीत होते तेव्हा आईला कावीळ झाली आणि तीन आठवडे ती दवाखान्यात पडून होती. शेजारच्या काकू डबा द्यायच्या, मी शाळेतून थेट तिच्या खाटेपाशी जायचे. तिथेच मी तिला बाबांचं व्हेनिसचं पत्र वाचून दाखवलं. सॅन मार्को चौकातला मनोरा चढलो, तीनशे चोवीस पायऱ्या, मोजून. पाय गेले, पण वर पोचल्यावर थकवा पळाला. तुम्ही दोघी हव्या होतात. आई पिवळ्या डोळ्यांनी हसली. "बघू दे गं. जन्मभर लोखंडच बघायचं का त्यांनी?" मला काही हसू आलं नाही. इथे माझी आई मरायला टेकलीय आणि हे गृहस्थ मनोरे चढतायत! अकरा वर्षांची होते मी, पण तो राग जो बसला तो बसलाच.

आई गेली त्याला आता दोन वर्षं झाली. तेव्हापासून बाबा आमच्याकडे, सिंगापूरला बुकित पंजांगच्या फ्लॅटमध्ये. पहाटे चारला उठून स्वयंपाकघरात खुडबुड. पंखा कुरकुरला की यांनी तो खोललाच म्हणून समजा. नवरा म्हणतो, असू दे गं. मुलगी म्हणते, "आई, यू ऑल्वेज अँग्री, लाह." हो, आहे मी अँग्री! ज्या माणसाने माझ्या एकाही वाढदिवसाला तोंड दाखवलं नाही, त्याच्या बीपीच्या गोळ्या मी रोज डबीत भरायच्या?

बरं, गप्प बसतील तर शपथ. एका रविवारी आम्ही खालच्या हॉकर सेंटरमध्ये, खाण्याच्या गाळ्यांवर गेलो, तर बाबा दोन चिनी आजोबांच्या टेबलावर कॉफी घेऊन बसलेले आणि हात वर करकरून सांगतायत, "व्हेनिस! थ्री हंड्रेड ट्वेंटी फोर स्टेप्स!" माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. त्या आजोबांना काय माहीत, त्या पायऱ्यांच्या वेळी घरी काय चाललं होतं.

पुढच्याच महिन्यात त्यांच्या व्हिजिट पासची मुदत संपत होती. मुदतवाढीचा अर्ज मीच भरायचा असतो. तो मी भरला नाही. पुण्याच्या एका वृद्धाश्रमात खोली बघून ठेवली, आश्रमवाल्यांना सोमवारपर्यंत हो किंवा नाही कळवायचं होतं. बाबांना निघताना एवढंच म्हटलं, "रविवारी परत आले की तुमच्या राहण्याचं बोलू." ते "बरं" म्हणाले. समजले असणार. मनात मी ठरवलं होतं, तो मनोरा स्वतः चढायचा, एकेक पायरी मोजायची, आणि वर पोचेपर्यंत या माणसाला घरात ठेवायचं की नाही त्याचा निकाल लावून टाकायचा.

आता त्या व्हेनिसबद्दल. सुंदर असेल, मला दिसलं नाही. मला दिसल्या लोकांच्या पाठी. गल्ल्या इतक्या अरुंद की समोरचा फोटोला थांबला की मागची पन्नास माणसं थांबलीच. एका पुलावर एक नवरी पांढऱ्या झग्यात उभी, तिचा फोटोवाला मलाच म्हणतो, बाजूला व्हा. का म्हणून? पूल काय तिच्या माहेरचा आहे? मी मुद्दाम सावकाश उतरले. चौकात आले तर मनोऱ्याखाली ही भली मोठी रांग. उजव्या गुडघ्याला मी सकाळीच पट्टा आवळून आले होते, पायऱ्यांसाठी. तासभर उन्हात उभी राहिले. तिकिटाच्या खिडकीशेजारी वरून काढलेला मोठा फोटो लावला होता. लाल कौलं, घुमट, पाणी. दुसरं करायला काही नव्हतं, तेवढा तो पाठ झाला.

माझा नंबर आला. तिकीट हातात घेऊन आत शिरले तर समोर लिफ्टचं दार.

"मला लिफ्ट नको, जिना कुठाय?" मी विचारलं.

"जिना नाही, मॅडम. सगळे लिफ्टनेच जातात," तिथली मुलगी म्हणाली.

"आत्ता नसेल. पूर्वी होता ना?"

तिला हसू आवरेना. "माझी आजी लहानपणी आली होती, तीसुद्धा लिफ्टनेच गेली होती."

मी तिथेच खिळून उभी राहिले. मागचे लोक कुरकुरायला लागले. तीनशे चोवीस, म्हणे! मोजून! दवाखान्याच्या खाटेवर बसून वाचलेलं पत्र, माझ्या आईने मरेपर्यंत साड्यांच्या घडीत जपलेलं पत्र, ते धादांत खोटं होतं. आणि एवढी वर्षं मी रागावले तेही एका थापेवर! लिफ्टचं दार उघडलं, ती मुलगी "या" म्हणाली. मी तिकीट चुरगाळलं आणि रांगेतल्या लोकांना ढकलत बाहेर आले. खड्ड्यात गेला तुमचा मनोरा.

पाण्याकाठी एका पायरीवर बसून डब्यातला मेथीचा पराठा काढला, तर एक गणवेशवाला हजर. इथे बसायचं नाही, खायचं नाही. मी त्याला शुद्ध मराठीत सुनावलं. त्याला कळलं नाही, पण दोन पावलं मागे मात्र सरला. उरलेला पराठा मी चालता चालता खाल्ला आणि दुपारच्याच गाडीने परत फिरले.

सिंगापूरला पोचेपर्यंत सगळी वाक्यं तयार होती. घरात शिरले तेव्हा नवरा आणि मुलगी बाहेर गेलेले, बाबा एकटेच डायनिंग टेबलावर वर्तमानपत्र पसरून कोथिंबीर निवडत बसले होते. बॅग दारातच टाकली.

"मनोऱ्याला जिना नाहीये, बाबा."

त्यांनी वर बघितलं. हातातली काडी तशीच.

"लिफ्ट आहे. तुमच्या वेळीही लिफ्टच होती. तुम्ही कधी गेलातच नाही तिथे. आईला खोटं लिहिलंत! ती आजारी, मी एवढीशी, आणि तुम्ही थापा मारत होतात!"

मला वाटलं, सारवासारव करतील. नाही केली.

"नाही गेलो," ते म्हणाले. "आमचं जहाज मर्घेराला लागलं होतं. तेलाचा धक्का. तिथून व्हेनिस पाण्यापलीकडे दिसतं. जनरेटर बिघडला होता, तो सोडून उतरायची परवानगी नव्हती. चार दिवस आम्ही खालीच."

"मग पायऱ्या? मोजून लिहिलंत ना?"

"पायऱ्या खोट्या नाहीत." त्यांनी काडी खाली ठेवली. "इंजिनरूमच्या तळापासून डेकपर्यंत एक्क्याऐंशी. रोज जेवणाच्या सुट्टीत वर जाऊन मनोरा बघून यायचो. अंगठ्याएवढा दिसायचा. चार दिवस, चार खेपा. शेवटच्या दिवशी बेरीज केली आणि लिहिलं."

मी मनातल्या मनात गुणाकार केला, बरोबर तीनशे चोवीस.

"तुझी आई प्रत्येक पत्रात विचारायची, आज काय बघितलंत? ती तिथे एकटी खपतेय आणि मी लिहू, की इंजिनच्या आवाजात कान बधिर झालेत, अंगावर तेलाचे फोड आलेत? तिला वाटू दे ना, निदान एक माणूस तरी मजेत आहे. तिची कावीळ मला दीड महिन्याने कळली. तोवर पत्र गेलेलं." मग पुढची काडी उचलून म्हणाले, "कुठलंच काही बघितलं नाही गं मी. बंदरं बघितली. सगळी सारखीच."

असा राग आला मला! त्यांचा नाही, आता कुणाचा ते मलाच कळेना. त्या जनरेटरचा, त्या धक्क्याचा, हॉकर सेंटरमध्ये मी ज्या नजरेने त्यांच्याकडे बघितलं होतं त्या माझ्याच नजरेचा. अख्खं बालपण मी ज्या माणसाच्या चैनीवर जळले, तो जहाजाच्या तळाशी होता. मी ताडताड आत गेले, लॅपटॉप उघडला आणि पासच्या मुदतवाढीचा अर्ज तिथल्या तिथे भरून टाकला. वृद्धाश्रमाला दोन ओळी लिहिल्या, खोली नको म्हणून. डोळे पुसले. बाहेर आले तर ते पुन्हा कोथिंबीर निवडत होते.

"अर्ज भरलाय मी पासचा," मी खेकसलेच. "कुठे जायचं नाहीये तुम्हाला."

त्यांनी नुसती मान हलवली. काड्या एका बाजूला, पानं एका बाजूला. मग खाली बघतच म्हणाले, "ते राहू दे. तू गेलीस ना वर? कसं दिसतं गं वरून?"

मी समोरची खुर्ची ओढून बसले. "लाल कौलं दिसतात, बाबा. सगळीकडे लाल कौलं. मधे घुमट. आणि कडेने पाणी."

"आणि मर्घेरा? आमचा धक्का दिसतो का?"

"दिसतो ना," मी म्हटलं. "अगदी समोर. एक जहाजसुद्धा लागलं होतं."