मुठीतलं पेन

बहारीनमध्ये, मनामात, आमच्या मराठी मंडळाच्या मदत-टेबलावर दर शुक्रवारी एक काका बसायचे. रत्नागिरीकडचे, एका गोदामात कारकून. कुणी कामगार इंग्रजी कागद घेऊन आला की आधी मराठीत समजावायचे, मग पेन मुठीत धरून विचारायचे, "आता तू मला सांग, काय लिवलंय?" त्याने नीट सांगितल्याशिवाय सहीला पेन सुटायचं नाही. मागे रांग खोळंबायची. मी कुरकुरलो की म्हणायचे, "सही त्याची हाय, आपली नाय."

ते गावी परतले. आता टेबलावर मी असतो आणि रांग अर्ध्या तासात खलास होते. परवा एका प्लंबरने मी बोट ठेवलं तिथे सही केली. दारातून वळून त्याने विचारलं, "दादा, सही कशावर केली मी?"

मला आठवेना.