प्रभावतीअक्काचा उपास

प्रभावतीअक्का माझी शेजारीण. कुंडलच्या अलीकडं आमचं गाव. बाई देवमाणूस, पण च्याचं लय येड! उठल्या उठल्या च्या, शेंगा फोडताना च्या, पाव्हणा आला की च्या, गेला की परत च्या. सून रूपालीबी तिच्याच हाताखाली तयार झालेली, मग काय विचारता!

यंदा पर्युषणात बस्तीत, म्हंजे आमच्या जैन मंदिरात, दोघींनी दहा उपास धरले. दिवसातनं एकदा गरम पाणी, बाकी काय न्हाई. दुसऱ्याच दिवशी दोघींची डोकी अशी उठली, की बोलायची सोय न्हाई. अक्कानं डॉक्टर झालेल्या भाचीला, ब्राह्मीला, फोन लावला. ती म्हणाली, "आत्या, हे उपासाचं न्हाई, च्या एकदम तोडल्याचं हाय. आधी थोडाथोडा कमी करायचा हुता. आठवड्याभरात डोकं दुखायचं आपसूक राहील." अक्कानं ह्यातलं सुनेला चकार शब्द सांगितला न्हाई.

तिसऱ्या दिवशी पहाटं बाईनं काय करावं? डब्यातली चिमूटभर कोरडी चहापूड दाढंखाली धरली. पाण्यात घातली न्हाई म्हंजे उपास मोडला न्हाई, अशी मनाची समजूत घातली. थोड्या वेळानं डोकं हलकं झालं आन् बस्तीत जाऊन ताठ बसली. बाया म्हणाल्या, "तपाचा परताप!" धडाधड पाया पडल्या. मीबी पडले की! अक्का पाय आखडून घेत हुती, मला वाटलं, काय नम्र बाई हाय.

दुपारी आमी बाया अक्कासंगं रूपालीला बघायला गेलो. पोरगी कपाळाला फडकं आवळून रडत हुती. सासूला म्हणाली, "आत्या, तुमचं डोकं राहिलं, माझं का न्हाई? माझंच कायतरी पाप आसंल."

अक्काचं तोंड पांढरंफटक पडलं. "पाप माझं हाय गं," म्हणाली आन् आमच्या सगळ्यांच्या देखत सगळं सांगितलं. चहापूड सांगितली, फोन सांगितला. "समदी पाया पडत हुती, मला ग्वाड लागलं. तू तळमळत हुतीस तरी गप बसले," आसं म्हणून ती भिंतीकडं तोंड करून बसली. मला तर कुठं बघावं कळंना.

रूपालीचं डोकं सहाव्या दिवशी राहिलं, तिचे दहाबी उपास पुरे झाले. उपास करणाऱ्यांच्या मिरवणुकीत तिला फुलांनी सजवलेल्या गाडीत बसवलं. तिनं वरनं हात दिला, "आत्या, या की वर." अक्कानं मान हलवली आन् पदर कपाळावर ओढून सगळ्यात मागनं चालत राहिली.