मोटर टिकली पाहिजे

आमच्या घरात सगळ्यात जास्त विश्रांती माझ्या इलेक्ट्रिक गाडीच्या मोटरला मिळते. दुसरा नंबर म्हशीचा. मी तिसरा, आणि घरात आम्ही तिघंच आहोत.

चौथी, म्हणजे खरं तर पहिली, आमची शालन. ती सध्या सांगलीत असते, विश्रामबागेत, लेकीकडे. मनीषाची बाळंतपणाची रजा संपली, तेव्हा नातवाला सांभाळायला म्हणून शालन एक पिशवी घेऊन गेली. "दोन म्हैन्यांत येते," म्हणाली होती. नातू आता स्वतःच्या पायांनी स्वयंपाकघरात जाऊन डाळीच्या डब्यात आजोबांचा चष्मा लपवतो, पण शालनचे दोन महिने काही संपलेले नाहीत. कराडच्या अलीकडं आमचं गाव. तिथं मी, ऊस आणि म्हैस.

फौजेत ट्रक चालवत होतो तेव्हा मी बर्फात आणि ती गावात. वाटायचं, पेन्शनीत निघालो की दोघं मिळून निवांत बसू. निघालो. निवांत बसलो. एकटा! भाकरी मला थापता येते, पण ती फुगली की "अगं, बघ बघ!" म्हणायला कुणी नसतं, आणि बघायला कुणी नसलं की फुगलेली भाकरीही चपटीच लागते. संध्याकाळी फोन करावा, तर "आवं, जेवलासा का?" एवढं होईपर्यंत तिकडं नातू भोकाड पसरतो आणि फोन बंद. शालनची आठवण मला फार यायची. त्यात लपवण्यासारखं काय आहे?

म्हणून ही इलेक्ट्रिक दुचाकी घेतली. दर शनिवारी सकाळची धार काढायची, निघायचं, दुपारी शालनच्या हातचं जेवायचं, तोवर खाली पार्किंगमध्ये गाडी चार्ज होते, आणि संध्याकाळच्या धारेला परत. एसटीनं हे जमत नव्हतं. एक बस चुकली की म्हैस गोठा डोक्यावर घेणार! (ती माझ्याशिवाय दुसऱ्या कुणाच्या हाताला पान्हवत नाही, असं मी गावभर सांगून ठेवलं होतं. आपल्यावाचून कुणाचं तरी अडतंय, असं माणसाला वाटावं लागतं.)

गाडी देताना दुकानदार म्हणाला, "काका, मोटर मागच्या चाकातच आहे. जास्त लोड देऊ नका, तापू देऊ नका. गाडी म्हातारी होईल, पण मोटर जाणार नाही."

हे त्यानं सगळ्यांनाच सांगितलं असणार. पण मी पडलो फौजी. मला सूचना दिली की मी ती पाळतो, आणि जरा जास्तच पाळतो. मी मनाशी हिशेब मांडला: मोटर आहे तर शनिवार आहे, शनिवार आहे तर शालन आहे. तेव्हा काही झालं तरी मोटर टिकली पाहिजे!

सुरुवात चढापासून केली. आमच्याकडं उसाची बैलगाडी चढाला लागली की गाडीवान खाली उतरतो, हे मी लहानपणापासून बघत आलोय. बैलाला जी माया, ती मोटरला का नको? मीही उतरायला लागलो. हमरस्त्यावरचा उड्डाणपूल आला की उतर आणि ढकल. पहिल्याच शनिवारी एक मोटारसायकलवाला शेजारी येऊन थांबला.

"मामा, पंक्चर झालं व्हय?"

"न्हाई."

"चार्जिंग संपलं?"

"न्हाई, भरपूर हाय."

"मग?"

"चढ हाय."

त्यानं गाडीकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं आणि अगदी हळू आवाजात विचारलं, "मामा, घरचा कुणाचा नंबर हाय का?"

मग मी वजनाकडं वळलो. आरसे काढले. मागच्या माणसानं पाय ठेवायची पायदानं काढली. शालननं मागवलेला कांदा-लसूण मसाला अर्धाच घेतला, ज्वारीचं पीठ पुढच्या शनिवारवर ढकललं. तरी मनाला पटेना, कारण गाडीवरचं सगळ्यात मोठं ओझं म्हणजे मीच! रात्रीचं जेवण बंद केलं. महिनाभरात गालफाडं बसली, विजार कमरेवर राहीना.

दार उघडल्याउघडल्या शालन म्हणाली, "अगं बया! आवं, किती वाळलाय! जेवत न्हाई व्हय?"

"आई, पप्पांना तुझी आठवण येते गं," मनीषा आतून म्हणाली.

मी मान खाली घातली. शालननं डोळ्याला पदर लावला आणि माझ्या ताटात एक भाकरी जास्त वाढली. जेवण मी मोटरसाठी सोडलं होतं, हे खरं. पण झोप उडाली होती ती काही मोटरपायी नव्हे. म्हणून तिचा समज तसाच राहू दिला, भाकरी तेवढी खाल्ली. (परतीच्या वाटेवर त्या भाकरीचं लोड मोटरवर येणार, हा विचार मनात आला. खोटं कशाला सांगू?)

यानंतर माझा चुलतभाऊ तानाजी यात पडला. विहिरीवरच्या पाण्याच्या मोटरी सांभाळण्यात तानाजीचा हात कुणी धरणार नाही. तो म्हणाला, "गड्या, उन्हाळ्यात मोटर लय तापती. घटकाभर चालवायची, घटकाभर बंद ठिवायची. आन वर वल्लं पोतं टाकायचं. माझी मोटर बघ की, बापाच्या वेळंपासनं चाललीय!"

मला पटलं. पेठनाक्याला विश्रांती, आष्ट्याला विश्रांती, मध्ये जिथं झाड दिसेल तिथं विश्रांती. उतरून, ढकलून, बसून, मी सांगलीला पोचायचो तेव्हा जेवणाची वेळ टळून गेलेली असायची आणि धारेची वेळ मानेवर बसलेली. आधी शालनशी पोटभर बोलणं व्हायचं. मग नुसतं जेवण. मग नुसता चहा. मागच्या खेपेला तोही मी दारात उभ्यानं प्यालो. बशीत ओतला, फुंकर मारली आणि "येतो" म्हणालो. जिना उतरताना वर बघितलं, तर शालन रिकामी बशी धरून तशीच उभी होती. जीव तुटला. पण मोटर चांगली गार होती, याचंही समाधान वाटलं!

आणि मग तो शनिवार उजाडला. ऊन असं, की डांबर पायाला चिकटावं. आष्ट्याच्या पुढं, तुंग गावाजवळ एका लिंबाखाली थांबलो, पोतं भिजवलं आणि मागच्या चाकात मोटरभोवती छान गुंडाळून सुतळीनं बांधलं. जरा टेकलो. डोळा लागला. जागा झालो तेव्हा उशीर झालेला! गडबडीनं उठलो, गाडीवर बसलो आणि मुठीला पीळ दिला.

पोतं काढायचं राहिलं होतं.

विहिरीवरची मोटर जागेवर बसलेली असते, तिच्यावर पोतं टाकलं तर ते पडून राहतं. माझी मोटर चाकात होती. ती फिरली, पोतं फिरलं, सुतळी सुटली, पोत्याचं टोक चाक आणि मडगार्डच्या मध्ये गेलं, चाक जागच्या जागी अडकलं आणि मी एकटाच पुढं गेलो! थांबलो तो घेवड्याच्या वाफ्यात.

गुडघा फुटला होता. पण माझं लक्ष गाडीकडं. पीळ दिला की नुसतं हूं हूं करायची, चाक हलेना. फोन लावला.

"शालन, मोटर गेली गं!" आणि मला रडूच आलं. भर रस्त्यावर, मिशा असलेला माणूस!

मनीषाच्या स्कूटीवर मागं बसून शालन आली. नातवाला जावयाकडं ठेवून, आहे त्या साडीत, आणि पायात मनीषाची चप्पल.

"कुठं लागलंय?"

"आधी मोटर बघ."

"मोटर मरू दे तिकडं! गुडगा बघू."

"आसं बोलू नगंस. ती गेली तर मी तुझ्याकडं येऊ कसा?"

शेजारच्या रानात तण काढायची भांगलण चालली होती. तिथून तिनं खुरपं मागून आणलं, चाकाशी बसली आणि चऱ्हाटासारखं वळलेलं ते पोतं तुकड्या-तुकड्यांनी बाहेर काढलं. मग तिनंच पीळ दिला. चाक भिरभिरलं! मोटरला काहीसुद्धा झालं नव्हतं.

"चालतीया तुमची लाडकी," ती म्हणाली. "आन एक सांगू? येऊन तरी काय करतासा तुमी? चा पितासा आन पळतासा."

मी गुडघ्यावरची माती झटकली.

डॉक्टरनं गुडघ्याला पट्टी बांधली आणि आज गाडी चालवायची नाही म्हणून सांगितलं. गाडी जावयानं जाऊन घरी आणली. म्हणजे मुक्काम! इतक्या शनिवारांतला पहिला. पण माझा जीव गोठ्यात. तानाजीला फोन केला.

"तान्या, म्हशीची धार काढायची हाय. ती तुला हात लावू द्यायची न्हाई. माझा सदरा घालून बस, म्हंजी वासानं फसंल."

"बरं," तानाजी म्हणाला.

तासाभरानं त्याचा फोन आला. नातवानं बोट लावून स्पीकर चालू केला, त्यामुळं सगळं घर ऐकायला लागलं.

"काढली का रं? लाथ मारली का?"

"लाथ कसली? गपगुमान दिली. सदराबिदरा काय न्हाई, बनियनवरच बसलो. तांब्याभर जास्तच दिली गड्या! उगंच म्हशीला बदनाम केलंस की रं गावभर!"

मनीषा हसली, जावई हसला, काही कळत नसूनही नातू हसला. म्हणजे इतके शनिवार जिच्यासाठी मी चहा उभ्यानं पीत आलो, तिचं माझ्यावाचून काही अडतच नव्हतं.

शालन हसली नाही. गॅलरीत माझ्या शेजारी येऊन बसली. खाली दिवे लागत होते.

"म्हशीचं भागतंय तुमच्याबिगर," ती हळूच म्हणाली. "माझंच भागत न्हाई."

हे एक वाक्य ऐकायला मी एवढे चढ पायी चढलो होतो. "माझंही भागत न्हाई गं," एवढंच म्हणायचं होतं. तोंड उघडलं, आणि बाहेर पडलं, "शालन, खाली चार्जर लावलाय न्हवं?"