बैलगाडी, ब्रेक आणि आमचे साळवे

संशोधनाच्या अहवालात तक्ते बसतात, आलेख बसतात, निष्कर्ष तर बसतातच. माणसं तेवढी बसत नाहीत. ती बाहेर उरतात. आमच्या केंद्रात गेल्या तीन वर्षांत अशा उरलेल्या गोष्टी इतक्या साठल्या आहेत, की चहाला दोन मित्र जमले की मी सुरू होतो. "झालं, ह्याची बैलगाडी निघाली!" म्हणून मित्र हसतात. हसू द्या. आज कागदावरच काढतो.

केंद्र म्हणजे नवीन जालन्यात स्टेशनजवळ, सरकीच्या गोदामावरच्या दोन खोल्या. विद्यापीठाचा बोर्ड गोदामाच्या बोर्डापेक्षा लहान. त्यामुळे पहिले काही महिने लोक जिना चढून वर यायचे आणि ढेपेचा भाव विचारायचे! आमचा विषय होता ग्रामीण रस्त्यांवरची सुरक्षितता. सोप्या भाषेत सांगायचं, तर ट्रक आणि एसटीच्या रस्त्यावर बैलगाडी जिवंत कशी राहील?

मी दहा वर्षं उत्तरेकडे शिकून, इंजिनिअर होऊन परत आलो होतो. सोबतचे मित्र परदेशी गेले. मला मात्र वाटायचं, विमानाच्या चाकावर संशोधन करणारे जगात पुष्कळ असतील, बैलगाडीच्या चाकावर कोण करणार? आम्ही करणार!

आमच्या बाबूजींचं, म्हणजे वडिलांचं, मोंढ्याच्या धान्यबाजारात दुकान. ते येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचे, "दहा वर्षं बाहेर शिकला आणि आता फाट्यावर बसून बैल मोजतो!"

एकदा मी चिडून म्हणालो, "बाबूजी, बैल नाही, गाड्या मोजतो."

"अच्छा! म्हणजे काम निम्मंच आहे!"

* * *

केंद्राचे प्रमुख कादरी सर. हैदराबादेत शिकलेले, लोखंडाचे जाणकार, शेरवानीचं वरचं बटण कधी न सोडणारे. आणि फाट्यावर बसून प्रत्यक्ष नोंदी करणारे सखाराम साळवे, टेंभुर्णीचे. मॅट्रिक झालेले. नोंदवहीतलं त्यांचं अक्षर असं, की छापखान्यानं लाजावं.

पण हजेरीपटावर साळवे कोण? पहारेकरी! कारण संशोधन सहायक व्हायला पदवी लागते. वर विद्यापीठाचं पत्र आलं. अहवालात संशोधक म्हणून फक्त पदवीधरांची नावं द्यावीत, आणि ज्याचं नाव अहवालात नाही त्याची जागा पुढच्या वर्षापासून बंद. सगळ्या नोंदी ज्यानं केल्या, तोच बाहेर!

मी तावातावानं सरांकडे गेलो. "सर, साळव्यांचं नाव नसेल तर माझंही काढा!"

सर शांतपणे म्हणाले, "मियाँ, तुमचं नाव काढून काय फायदा? आपल्याला त्यांचं घालायचंय!"

त्या दिवसापासून आमचं दुसरं संशोधन सुरू झालं. साळव्यांचं नाव अहवालात जाईल कसं?

* * *

सरांनी खटपट करून लोखंड ताणून तोडणारं एक मोठं मशीन मागवलं होतं. मशीन आलं, पण त्याला लागणारी वीज आमच्या जिन्यापर्यंत आली नाही. मशीनवर कापड घालून आम्ही त्याच्यावर नकाशे पसरायला लागलो.

मग साळवे मला जुन्या जालन्यात धोंडीराम लोहाराकडे घेऊन गेले. गाडीचे पाच आस जमिनीवर मांडले होते. आस म्हणजे दोन चाकांमधला लोखंडी दांडा, ज्याच्यावर सगळं ओझं असतं. धोंडीरामनं एकेका आसावर हातोडी मारली, कान जवळ नेला आणि चौथा उचलून बाजूला फेकला.

"ह्यो मोडणार."

"कशावरून?" मी विचारलं.

"बोलून न्हाई राह्यला."

मी मनात हसलो. एवढं शिकून आलेला माणूस हातोडीच्या आवाजावर विश्वास ठेवणार का? मी त्या आसाचा एक तुकडा कापून दूरच्या मोठ्या प्रयोगशाळेत पाठवला. दोन महिन्यांनी टाइप केलेलं उत्तर आलं. आत बारीक भेग आहे, आस वापरू नये.

कागद घेऊन मी धावत धोंडीरामकडे गेलो. "बघ, तुझंच खरं निघालं! उरलेला आस कुठाय?"

त्यानं बोट दाखवलं. खुंटीवर ओळीनं नव्या खुरप्या लटकत होत्या.

"भाऊ, तुमचा रिपोर्ट लई चांगला हाय," तो म्हणाला, "पण निंदणी त्याच्यासाठी थांबत न्हाई!"

सरांनी ही पद्धत अहवालात घातली. आमच्या अहवालात एक पूर्ण पान 'हातोडीच्या नादावरून परीक्षा' या मथळ्याचं आहे, खाली धोंडीरामच्या नावासह. (लोहाराचं नाव चालतं, कारण तो 'माहिती देणारा'. साळव्यांचं चालत नाही, कारण ते 'कर्मचारी'!)

* * *

जाफराबादच्या फाट्यावर आठवडाभर गाड्यांची मोजणी होती. मी आणि साळवे लिंबाखाली वही घेऊन बसलो. पहिल्याच दिवशी एवढ्या गाड्या गेल्या, की मला आनंद मावेना. मी सरांना पत्र लिहायला घेतलं की हा रस्ता तर सगळ्या तालुक्यात पहिला!

साळवे म्हणाले, "छोटे शेठ, पत्र थांबवा. ह्या गाड्या तितक्या न्हाईत."

"मी स्वतः मोजल्यात."

"तुम्ही चाकं मोजली. मी बैल बघून राह्यलो. ह्यो डाव्या शिंगाचा मोडका सकाळपासून चौथ्यांदा चालला. त्याच्यामागचा कपाळावर चांदवाला, तो तिसऱ्यांदा."

झालं होतं असं, की जास्त गाड्या दिसल्या तरच रस्ता डांबरी होणार, अशी अफवा गावात उठली होती. म्हणून गावकरी मागच्या पांदीनं वळसा घालून त्याच गाड्या पुन्हा आणत होते! एका म्हाताऱ्याला साळव्यांनी हटकलं, "दादा, रिकामी गाडी कितींदा फिरवता?"

म्हातारा म्हणाला, "तू लिहून राह्यला, मी फिरवून राह्यलो. आपापलं काम करू की!"

तेव्हापासून साळव्यांच्या वहीत प्रत्येक गाडीपुढे बैलाची खूण असे. शिंगमोड्या, चांद्या, लंगडा, एककान्या. दुबार गाड्या गाळल्या, तरी खरा आकडा रस्त्याला पुरेसा होता. सरांनी ती वही पाहिली आणि दोन्ही हातांनी परत दिली, जशी पवित्र किताब परत देतात.

* * *

मग आणीबाणीचं वर्ष आलं. दोन माणसं झाडाखाली बसून कोण कुठं जातंय ते लिहितात, म्हटल्यावर कुणीतरी कळवलंच. एक फौजदार जीप घेऊन आले. साळव्यांची वही उघडून त्यांनी मोठ्यानं वाचलं.

"सव्वानऊ, शिंगमोड्या, पूर्वेकडं. नऊ चाळीस, लंगडा, सोबत तिघं." त्यांनी डोळे बारीक केले. "हा लंगडा कोण?"

"साहेब, बैल."

"आणि हा एककान्या?"

"तोबी बैलच."

फौजदार थोडे ओशाळले. पण वही त्यांच्या कामाची आहे, हे त्यांच्या लक्षात आलं. "असं करा, ह्यापुढं मालकाचं नावपण टाकत जा. एक नक्कल आमच्याकडं द्या."

नाही म्हणायची ती वेळ नव्हती. साळवे उभे राहिले आणि अगदी अदबीनं म्हणाले, "साहेब, बैलाचं व्यंग लिहिलं तर बैल रागवत न्हाई. मालकाचं नाव लिहिलं तर उद्यापासून ह्या रस्त्यानं कुणीच जाणार न्हाई. मंग तुम्ही, मी आन् हे लिंबाचं झाड, तिघंच राहू."

फौजदारांनी वही मिटली. ती साळव्यांच्या हातात परत दिली. मग जीपमध्ये बसता बसता म्हणाले, "शिंगमोड्याला आमचा रामराम सांगा!"

मी एवढी वर्षं दूर शिकलो. माणसावर पाळत ठेवणं आणि माणसासाठी नजर ठेवणं यातला फरक मला कुठल्याही वर्गात कुणी सांगितला नव्हता.

* * *

ट्रकवाल्यांना गाडी लांबून दिसावी म्हणून आम्ही लाल चमकत्या पट्ट्या मागवल्या आणि शंभरेक गाड्यांच्या मागच्या फळीवर ठोकल्या. काम फत्ते! पोळ्याच्या दिवशी पाहणीला गेलो, तर एकाही गाडीला पट्टी नाही.

पट्ट्या होत्या, पण बैलांच्या कपाळावर! बाशिंगाच्या मधोमध, झुलीवर, एकाच्या तर दोन्ही शिंगांना. सगळे बैल नुसते झगमगत होते.

मी डोक्याला हात लावला. ज्याच्या बैलाला सगळ्यात जास्त पट्ट्या होत्या त्या शेतकऱ्याला म्हणालो, "काका, ही मागच्या ट्रकला दिसण्यासाठी आहे!"

"वर्षभर राबतो त्यो पुढं, आन् दागिना मागं?" काकांनी मलाच विचारलं.

सरांनी दिल्लीला पत्र लिहावं की काय, या विचारात आम्ही होतो. साळव्यांनी दोन मिनिटांत निकाल लावला. "दर गाडीला दोन पट्ट्या द्या सर. एक बैलाची, एक ट्रकवाल्याची!"

तेव्हापासून मागची पट्टी कुणी काढलेली नाही.

* * *

मध्येच विद्यापीठाच्या दुसऱ्या विभागानं आमच्या गळ्यात पर्यटकांची पाहणी टाकली. छापील फॉर्म आले. 'आपण येथे कोणती प्रेक्षणीय स्थळे पाहिली?' महिनाभर फाट्यावर एकही पर्यटक मिळाला नाही. जो थांबे तो मुलगी बघायला चाललेला!

शेवटी लेण्यांकडे निघालेलं एक परदेशी जोडपं वाट चुकून आलं, तेही मोटारीच्या स्प्रिंगचा पाटा मोडून. आम्ही धोंडीरामला बोलावलं. त्यानं दिवसभर खपून पाटा ठोकून दिला. जाताना मी फॉर्म पुढे केला. बाईंनी तो इंग्रजीत मन लावून भरला. पाहिलेली प्रेक्षणीय स्थळे: एक. नाव: धोंडीराम.

* * *

आता शेवटचा किस्सा, परवाचा.

टेंभुर्णीच्या वाटेवर नाल्याकडे उतरणारा एक उतार आहे. भरलेली गाडी तिथं बैलांना आवरत नाही. लोक चाकामागं लाकूड बांधून घासत घासत उतरतात, तेही कधी तुटतं. त्या उतारासाठी आम्ही दोन वर्षं ब्रेक करत होतो. बाभळीचं लाकूड लावून पाहिलं, चामडं लावून पाहिलं, शेवटी जुन्या ट्रकच्या टायरचं रबर चाकाच्या लोखंडी धावेला बरोबर धरू लागलं. चाकावर दाबणाऱ्या ठोकळ्या धोंडीरामच्या, हिशेब सरांचा, आणि ब्रेकचा दांडा ओढायला कुठं सोपा जाईल ते साळव्यांचं.

विद्यापीठाची समिती चाचणी बघायला आली. अध्यक्ष वयस्कर, करड्या शिस्तीचे. उताराच्या माथ्यावरच त्यांनी अहवालाला जोडायचा फॉर्म काढला. "मुख्य चाचणी कोण घेणार?"

"सखाराम साळवे," सर म्हणाले.

"पदवी?"

"मॅट्रिक आहेत."

"मग नाव घालता येणार नाही. नियम आहे. तुमचं घालतो."

मी तोंड उघडणार तेवढ्यात साळवे म्हणाले, "साहेब, नावाचं राहू द्या. आधी ब्रेक बघा."

गाडीत कापसाची पोती भरली होती. तेवढ्यात गर्दीतून एक म्हातारी पुढे आली. साळव्यांची आई. तिनं चाकावर पाय ठेवला आणि पोत्यांवर चढून बसली.

गर्दी दोन पावलं मागं सरली. मला कळेना. शेजारच्या माणसानं कानात सांगितलं. साळवे दहा वर्षांचे असताना त्यांचे वडील ह्याच उतारावर सुटलेल्या गाडीखाली गेले होते. तेव्हापासून म्हातारी हा उतार पायीच उतरते, कुणाच्या गाडीत बसत नाही.

"माय, खाली उतर," साळवे म्हणाले.

"तू केलंस ना हे?"

"व्हय."

"मंग हाक."

साळव्यांनी कासरा सैल केला. गाडी उताराला लागली, वेग घ्यायला लागली, बैलांच्या माना वर झाल्या. निम्म्यावर साळव्यांनी दांडा ओढला. रबर किंचाळलं. आणि भर उतारावर ती भरलेली गाडी, बैल, पोती आणि म्हातारी, सगळं जागच्या जागी उभं राहिलं!

कादरी सरांनी चष्मा काढून शेरवानीला पुसला. धोंडीराम मान हलवत राहिला.

अध्यक्ष उतार उतरून गाडीपाशी गेले. चाकाखाली वाकून पाहिलं. ठोकळीला हात लावला आणि चटका बसून काढला. म्हातारी वरून म्हणाली, "साहेब, पायी नका उतरू. बसा वर."

अध्यक्षांनी फॉर्म खिशात घातला. मग कोट सावरत चढले आणि पोत्यांवर तिच्या शेजारी बसले. साळव्यांनी दांडा सोडला, पुन्हा ओढला, पुन्हा सोडला. गाडी बोट धरून चालल्यासारखी नाल्यापर्यंत उतरली.

खाली पोचल्यावर अध्यक्षांनी गाडीतच बसून फॉर्म मांडीवर घेतला. आम्ही भोवती उभे. चाचणी घेणाऱ्याचं नाव, या रकान्यात त्यांनी 'सखाराम साळवे' लिहिलं. पुढचा रकाना होता शिक्षणाचा. पेन तिथं अडलं. त्यांनी म्हातारीकडे पाहिलं.

"बाई, तुमचा मुलगा किती शिकलाय?"

म्हातारी पोत्यावरून उतरत होती. लुगडं सावरत ती म्हणाली, "ह्याचा बाप गेला त्या दिसापासून शिकूनच राह्यलाय की."

अध्यक्षांनी मान हलवली आणि लिहिलं. तो फॉर्म आज विद्यापीठाच्या दप्तरी शिक्क्यासह आहे, कुणालाही बघता येईल. शिक्षण, या रकान्यात त्यांच्या हातचं लिहिलेलं आहे:

'वडील वारल्यापासून. अद्याप चालू.'