दानम्माबाईंचा गणिताचा पेपर

मी सोलापुरात आलो तेव्हा माझ्याकडे मेकॅनिकलचा डिप्लोमा, एक ट्रंक आणि भरपूर घमेंड होती. जेऊरजवळच्या आमच्या वस्तीत माझ्याआधी कुणी सातवीच्या पुढे गेलं नव्हतं. एका गिरणीच्या वर्कशॉपमध्ये नोकरी लागली आणि शहराच्या पूर्व भागात, विडी कामगारांच्या घरांना लागून, खोली मिळाली. शेजारी दानम्माबाई राहत. तिथल्या मुलींच्या शाळेच्या त्या मुख्याध्यापिका. पन्नाशी उलटलेली, बोलणं कमी, चालणं भरभर.

एका सकाळी नळावर माझी बादली भरत असताना त्यांनी विचारलं, "तू डिप्लोमा केलास ना? मग ऋण गुणिले ऋण धन का होतं, सांग."

मी म्हणालो, तो नियमच आहे.

"नियम मलाही पाठ आहे. का, ते विचारते."

बादली भरून वाहायला लागली. तीन वर्षं मी मोठमोठी गणितं सोडवली होती, पण हा प्रश्न मला कुणी विचारला नव्हता आणि मीही कुणाला विचारला नव्हता.

हे १९७३ सालचं. नवा अभ्यासक्रम आदल्या वर्षी आठवीपासून सुरू झाला होता. अकरावीची मॅट्रिक जाऊन दहावीची येणार होती, आणि गणित-विज्ञान सगळ्यांना सक्तीचं झालं होतं. तोवर या शाळेतल्या बहुतेक मुली गणित सोडून सोपा विषय घ्यायच्या. बाईंनीही त्यांच्या वेळी तेच केलं होतं. मुलींना बीजगणित कशाला, असं म्हणून त्यांच्या हातात भरतकाम दिलं गेलं होतं. आता त्यांच्या विद्यार्थिनी नववीत आल्या होत्या आणि शाळेतले गणिताचे मास्तर जास्त पगारावर दुसरीकडे गेले होते. नवे मिळेनात. पेपरात, पानाच्या टपरीवर, आमच्या वर्कशॉपमध्येसुद्धा एकच बोलणं चालायचं, की हे नवं गणित पोरांना झेपणार नाही. बाईंनी कुणाशी वाद घातला नाही. त्यांनी नववीचा गणिताचा तास स्वतःकडे घेतला.

रोज संध्याकाळी मी कामावरून आलो की त्या ओट्यावर पाटी घेऊन बसायच्या. उद्या शिकवायचा धडा आज माझ्याकडून शिकायच्या. आकडेमोड कन्नडात पुटपुटायच्या, उत्तर मराठीत लिहायच्या. जिथं अडायच्या तिथं वर्गात सरळ सांगायच्या, की इथं मी अडले, तुम्हाला काय वाटतं? असं सांगणारा शिक्षक मी तोवर पाहिला नव्हता.

ऋण गुणिले ऋणचं उत्तरही त्यांना असंच मिळालं. वर्गातली नरसम्मा शाळेतून गेली की आईबरोबर विड्या वळायची. कारखान्यात विड्या तपासताना वाईट विड्या बाजूला काढतात, त्याला छाट म्हणतात. नरसम्मा म्हणाली, पाच विड्या छाटल्या म्हणजे ऋण पाच. आता अशी तीन वेळची छाट रद्द झाली, म्हणजे ऋण तीन वेळा, तर पंधरा विड्या परत आल्या की नाही? बाईंनी हे मला सांगितलं तेव्हा मी त्यांची पाटी घेऊन ते पुन्हा मांडून पाहिलं. मग दुसऱ्या दिवशी वर्कशॉपमध्ये ते फोरमनला समजावलं. त्याला कळलं नाही, पण मला पुन्हा एकदा सांगायला मिळालं.

फेब्रुवारीत संस्थेचे अध्यक्ष गुरप्पा त्या ओट्यावर आले. भुसारचे मोठे व्यापारी, सगळे त्यांना आप्पा म्हणत. माणूस वाईट नव्हता. शाळा त्यांच्याच इमारतीच्या वरच्या मजल्यावर भरायची. पण दहावीच्या पहिल्याच निकालात शाळा तोंडघशी पडली तर अनुदान जाईल, या धास्तीनं त्यांची झोप उडाली होती. चार-पाच हुशार मुली पुढं पाठवू आणि बाकीच्यांना नववीनंतर शिवणाच्या वर्गात घालू, असं त्यांनी ठरवलं होतं. मशीन शिकतील, पोट भरतील.

बाईंच्या मांडीवर पाटी होती. आप्पांनी ती पाहिली.

"बाई, तुमी सोता पाटी घेऊन बसलाय. मास्तरणीला येत न्हाय ते पोरींनी करायचं व्हय?"

"मला येत नाही, कारण मला कुणी अवघड काही दिलंच नाही, आप्पा. मुलगी म्हणून सगळं सोपं करून दिलं. यांना आता कुठं काही अवघड मिळालंय. ते तुम्ही काढून घेताय."

आप्पा म्हणाले, बोलायला ठीक आहे, पण परीक्षा घेतली की कळेल. बाई म्हणाल्या, घ्या. पेपर मुलांच्या शाळेतून काढून आणा, तपासायलाही तिकडेच द्या. आणि मग शांतपणे म्हणाल्या, "मी पण त्याच पेपराला बसते. मी नापास झाले, तर तुमच्या मनासारखं करा."

मी आप्पांकडे पाहिलं नाही. मला बाईंची भूमिती माहीत होती.

एप्रिलच्या उन्हात परीक्षा झाली. बाई शेवटच्या बाकावर मांडीवर पॅड घेऊन बसल्या. पेपर हातात पडताच त्या इतक्या घाईनं पहिला प्रश्न सोडवायला लागल्या, की शेजारच्या नरसम्मानं हळूच सांगितलं, "बाई, आदी नाव तरी लिवा की." सगळा वर्ग हसला. लक्ष ठेवणाऱ्या शिक्षिकेला कुणाला रागवावं कळेना.

त्या शाळेत निकाल आयांसमोर मोठ्यानं वाचायची पद्धत होती. मी अर्धी रजा टाकून गेलो. बायका विडीची सुपं मांडीवर घेऊनच बसल्या होत्या. कान निकालाकडे, बोटं पानात तंबाखू भरण्यात. आप्पा उठले, कागद उघडला आणि पहिलंच नाव बाईंचं वाचलं.

"दानम्माबाई. एकतीस."

पास व्हायला पस्तीस लागायचे. बायकांचे हात थांबले. आप्पांनी कागद खाली केला.

"हरलात बाई."

"हरले," बाई म्हणाल्या. "बाकीचे वाचा."

"आता कशाला?"

"वाचा की. पेपर पोरींनी पण दिलाय."

आप्पा वाचू लागले. बावन्न. सत्तेचाळीस. एकसष्ट. सुरुवातीला ते भराभर वाचत होते, मग सावकाश, मग प्रत्येक आकड्यानंतर चष्म्यावरून त्या मुलीकडे बघून. नरसम्माला अठ्ठ्याहत्तर होते. तिच्या आईला आकडा उमगला नाही, पण आप्पा थांबले म्हणून ती घाबरली. यादी संपली तेव्हा सगळ्या वर्गात पस्तीसच्या आत पाचच मुली होत्या. आणि बाई.

आप्पा खाली बसले. "तुमी नापास, आन् तुमी शिकवलेल्या पोरी पास. ह्ये कसं?"

बाई म्हणाल्या, मी रात्री शिकलेलं सकाळी विसरते, त्या विसरत नाहीत. मला अवघड गेलं, त्यांना गेलं नाही. त्यांना काय झेपतं हे माझ्यावरून ठरवू नका. हे बोलताना त्यांचा चेहरा असा काही फुलला होता, की कुणी नवखा आला असता तर त्याला वाटलं असतं बाईच पहिल्या आल्या.

आप्पांनी कागदाची घडी घातली, पुन्हा उघडली. मग म्हणाले, "पैज मी जिंकली. म्हंजी माझ्या मनासारखं व्हायचं की?"

"व्हय," बाई त्यांच्याच बोलीत म्हणाल्या.

"मग पास झालेल्या सगळ्या दहावीत जाऊ द्यात. ऱ्हायलेल्या पाचजणींचा मे महिन्यात अभ्यास घ्या आन् परत पेपर घ्या." उठता उठता ते थांबले. "सहाजणींचा."

मेमध्ये शिकवायला बाईंनी मला बोलावलं. मी मोठ्या हौशीनं गेलो, पण दोन दिवसांत मुलींनी तक्रार केली की हे नुसते नियमच सांगतात. बाईंना हसू आवरेना. मग नरसम्मा शिकवू लागली. एके दिवशी सुट्टी होती म्हणून मी जिन्यावरून डोकावलो. पंखा नव्हता, खिडक्यांतून गरम वारा येत होता. नरसम्मा फळ्यापाशी उभी होती. विडीच्या दोऱ्याच्या दोन्ही टोकांना खडू बांधून तिनं वर्तुळ काढलं होतं. समोरच्या बाकावर पाच मुली घामेजून लिहीत होत्या. सहाव्या जागी दानम्माबाई हात वर करून बसल्या होत्या. माझ्याकडे बघायलाही त्यांना सवड नव्हती.

"का पण?" त्यांनी विचारलं.

"सांगते बाई," नरसम्मा म्हणाली. "आदी आकृती काढा."