अडीच एमएल

मुलांच्या वॉर्डात माझ्या आत्याला सगळे तराजूबाई म्हणत. पातळ औषध देण्याआधी ती मुलाला काट्यावर ठेवायची. "कालचं वजन कालच्या मुलाचं," म्हणायची. मग हिशेब मोठ्याने: किलोला किती मिलिग्रॅम, बाटलीच्या पाच एमएलमध्ये किती, म्हणून सिरिंजमध्ये किती. समोरच्या नर्सने तो परत म्हणून दाखवल्याशिवाय बाटलीचं झाकण उघडत नसे. एखाद्या आईने चमचा पुढे केला की, "हा भाजीला ठेवा."

"सोनं तोलताय का बाई?" झाडूवाली विचारायची.

"सोन्यात फरक पडला तर भांडता येतं गं."

निवृत्तीला दोन वर्षं उरली असताना झटक्यांच्या औषधाच्या नव्या बाटल्या आल्या. तोच गुलाबी कागद, तेच नाव. पण पाच एमएलमध्ये शंभरऐवजी दोनशे मिलिग्रॅम. डॉक्टर सवयीने 'पाच एमएल' लिहीत राहिले. दहा किलोच्या एका मुलाला शंभरच हवे होते. आत्याने अडीच एमएल दिलं, केसपेपरवर तसं लिहिलं आणि डॉक्टरांना बाटली दाखवली. सगळ्यांसमोर.

"सिस्टर, डॉक्टर तुम्ही की मी?"

दुसऱ्या दिवशी टाइप केलेला माफीनामा आला: न विचारता मात्रा बदलली, यापुढे लिहिल्याप्रमाणेच देईन. सही नाही, तर चौकशी आणि पेन्शन अडकणार.

"दोन वर्षं डोळ्यांवर कातडं ओढ," काका म्हणाले. "तत्त्वं काय म्हातारपणी पाणी देणार आहेत?"

तिने सही केली.

चौथ्या दिवशी नवी नर्स एका लहान मुलीसाठी सिरिंज भरून आली. "बाई, पाच एमएल लिहिलंय. हिशेब म्हणू?"

आत्या चादरीची घडी घालत होती. तिने बाटलीकडे पाहिलं. तोच गुलाबी कागद.

"हिशेब डॉक्टरांना येतो," ती म्हणाली. "लिहिलंय तसं दे."

त्या दिवशी तेच औषध तेवढंच तीनदा दिलं गेलं. संध्याकाळी मुलगी हाक मारून उठेना. दोन दिवस तिचा श्वास यंत्रावर होता. तिसऱ्या दिवशी तिने डोळे उघडले, आणि चौकशी सुरू झाली. नोकरी नव्या नर्सची गेली. बाटली तिने वाचली नव्हती, हे खरंच होतं. आत्याने वाचली होती, पण ते कुणी विचारलं नाही. तिच्या फायलीत सही केलेला माफीनामा होता. त्यानेच ती वाचली. पेन्शन वेळेवर सुरू झाली.

गेल्या आठवड्यात माझ्या बाळाला ताप होता. मी सिरिंज आणि बाटली घेऊन तिच्याकडे गेले.

"आत्या, डॉक्टरांनी चार एमएल सांगितलंय. बरोबर आहे ना?"

"वजन?" तिच्या तोंडून निघून गेलं. मग तिने दोन्ही हात पदराखाली घेतले.

"मला नको विचारूस. बाटली वाच. मोठ्याने वाच. आणि मी 'हो' म्हटलं, तरी परत वाच."