जळक्या कोपऱ्याचं पत्र

अ‍ॅग्नेसबाई कोल्बींनी लॉरेन तेबर्जला पहिल्यांदा नीट पाहिलं तेव्हा ती दोन वर्गांच्या बरोबर मधोमध बसली होती आणि तिचं बाक डुगडुगत होतं.

१९७४चा सप्टेंबर होता. ऑल्डन फॉल्सच्या हायस्कुलात इतिहासाची खोली आणि इंग्रजीची खोली यांच्यामधली सरकती भिंत त्या वर्षी प्रथमच बाजूला ढकलली होती. अकरावीच्या बावन्न मुलांना तिसरा आणि चौथा तास सलग, दोन शिक्षक एकदम, आणि विषय एकच: आपल्या देशातली या शतकाची पहिली वीस वर्षं. त्या काळात काय घडलं ते इतिहासाचे वॉल्टर डिग्नन सर सांगणार. तेव्हाच्या लोकांनी काय लिहिलं ते अ‍ॅग्नेसबाई सांगणार. सर खिडकीच्या बाजूला, बाई दाराच्या बाजूला. भिंत गेली तरी तिचा लोखंडी रूळ फरशीत राहिला होता. लॉरेनच्या बाकाचे दोन पाय रुळाच्या अलीकडे होते आणि दोन पलीकडे.

"बाई, मी कुणाकडे?" तिनं विचारलं.

"म्हणजे?"

"लिहिताना. डिग्नन सर म्हणतात, जे ठाऊक आहे तेवढंच लिहा. तुम्ही म्हणता, त्या माणसाच्या आत शिरून लिहा. मी वही एकच आणलीय."

"तू आहेस तिथंच बस," मागून रेमंड म्हणाला, "म्हणजे दोन्हीकडून नापास होशील."

वर्ग हसला. डिग्नन सरांनी चष्मा काढला. "प्रश्न बरोबर आहे," ते म्हणाले आणि चष्मा पुसून धड्याकडे वळले. बाईंनी रुळाजवळच्या पायाखाली कागदाची घडी सरकवली. बाक तेवढं स्थिर झालं.

लॉरेन उंच होती आणि उंची लपवायला वाकून चालायची. अंगात भावाचा कोट, बाह्या दोनदा दुमडलेल्या. बंद पडलेल्या कापडगिरणीसमोरच्या लाकडी चाळीत तिसऱ्या मजल्यावर घर होतं. तिच्या आजीची सगळी हयात त्या गिरणीच्या सूतखात्यात गेली होती. आजीला ती मेमेर म्हणे. क्वेबेक या फ्रेंच बोलणाऱ्या प्रांतातून आलेले तिथले सगळेच म्हणत. घरात फ्रेंच, शाळेत इंग्रजी, आणि दोन्हींत लॉरेन कमीच बोलायची.

वसंतात दोघा शिक्षकांनी मिळून एक काम दिलं. १९१२ साली या गावातल्या माणसानं लिहिलं असतं असं एक पत्र लिहून आणायचं. कागद जुना दिसायला हवा. आठवडाभर गावातल्या सगळ्या स्वयंपाकघरांत कागद चहात भिजले आणि ओव्हनमध्ये वाळले. पत्रावर खुणा करायच्या नाहीत असं ठरलं होतं. वेगळी चिठ्ठी लावायची, तिच्या डावीकडे बाईंचे गुण आणि उजवीकडे सरांचे.

लॉरेनचं पत्र फ्रेंचमध्ये होतं, चुकांनी भरलेलं; इंग्रजी अर्थ तिनं वेगळ्या कागदावर दिला होता. त्याचा एक कोपरा मेणबत्तीवर जरा जास्तच जळला होता, म्हणून देताना ती रडकुंडीला आली होती. सूतखात्यातली अकरा वर्षांची डेल्फीन गावाकडच्या बहिणीला लिहिते आहे: सुताच्या बॉबिन बदलून बोटं कशी होतात, इन्स्पेक्टर आला की कायद्यापुरतं वय चौदा सांगायचं. शेवटची ओळ अशी होती, 'मी चौदाची आहे हे इतक्यांदा म्हटलंय की आता अकराची व्हायला जमत नाही.'

बाईंनी चिठ्ठीवर ए लिहिला. सरांनी सी लिहिला आणि खाली दोन प्रश्न: डेल्फीन कोण? कुणी सांगितलं?

"मेमेरनं सांगितलं, सर."

"मेमेरचं नाव काय?"

"रोझ-आल्मा."

"मग डेल्फीन कुठून आली?"

लॉरेननं खांदे उडवले. नाव आपण घातलं की मेमेरनं, हे तिला धड सांगता येईना.

"गिरणीचे हजेरीपट मी पाहिलेत," सर समजुतीनं म्हणाले. "अकरा वर्षांची एक मुलगी नाही त्यांत. सगळ्यांत लहान म्हणजे चौदा."

"तेच तर लिहिलंय मी, सर. सगळ्या चौदाच सांगायच्या."

सरांनी सी खोडला नाही. पुढे एक प्रश्नचिन्ह काढलं. असे गुण गुणपत्रकात कसे भरायचे, हे ऑफिसनं त्यांना दोनदा विचारलं.

त्या गोष्टीला चोवीस वर्षं झाली. बाई निवृत्त झाल्या, सर निवृत्त झाले आणि टेकडीवरच्या वृद्धाश्रमात राहायला गेले. लॉरेन शाळेची बस चालवू लागली. रस्त्यात बाई दिसल्या की हॉर्न न वाजवता नुसता हात करायची.

१९९९च्या मार्चमध्ये बाई जुन्या गिरणीत गेल्या. तिथं गावानं दोन खोल्यांचं संग्रहालय केलं होतं. काचेच्या पेटीत एक पत्र होतं. खाली इंग्रजी अर्थ आणि पाटी: 'डेल्फीन, वय अकरा, सूतखातं, १९१२. मूळ हस्तलिखित.' बाईंनी आधी जळका कोपरा पाहिला आणि मग अक्षर.

"आमचा मानाचा कागद आहे हा," तिथलं काम पाहणाऱ्या हेझल व्हिटकमबाई म्हणाल्या. "जुन्या चाळीतली खोली रिकामी केली तेव्हा एका मावशींनी ट्रंकच आणून दिली. जूनमध्ये फाटकाशी शिळा बसवतोय. त्यावर शेवटची ओळ कोरणार. पाथरवटाला सांगूनही झालंय."

छान आहे, एवढंच म्हणून अ‍ॅग्नेसबाई बाहेर पडल्या. फाटकाशी पिवळी बस उभी होती. चौथीची मुलं सहलीला आली होती आणि लॉरेन स्टीअरिंगमागे बसून सफरचंद खात होती.

"पाहिलंत ना?" ती म्हणाली.

"तुला माहीत होतं?"

"दोन वर्षं. मेमेर गेल्यावर तिच्या ट्रंकेतच राहिलं होतं ते. मुलं परत येताना बसमध्ये ती ओळ म्हणतात. आधी वाटलं, भास होतोय."

"आणि तू गप्प बसलीस?"

"काय सांगू, बाई? मेमेरचं या गावात दुसरं काही नाही. थडग्यावरसुद्धा नवऱ्याचं नाव मोठं आणि तिचं खाली, तेही चुकीचं लिहिलेलं. मी तोंड उघडलं की हेही जाणार." तिनं सफरचंदाचा गाभा कागदात गुंडाळला. "आणि नाही उघडलं तर दगडात कोरलं जाणार."

एका क्षणी बाईंना वाटे, सांगून टाकावं, नंतर वाटे, राहू दे, कुणाचं काय बिघडतंय. शेवटी, आजवर अशा वेळी जे केलं होतं तेच त्यांनी केलं. रविवारी लॉरेनला घेऊन त्या डिग्नन सरांकडे गेल्या.

सर खिडकीशीच बसले होते. सगळं ऐकून त्यांनी चष्मा काढला. "मी तोच प्रश्न विचारणार, लॉरेन. कुणी सांगितलं?"

"मेमेरनं. निम्मं. मी फ्रेंच शब्द विचारायची आणि ती एका शब्दाला दहा सांगायची. कुठलं निम्मं तिचं, ते आता मला नाही सांगता येत."

"ती शेवटची ओळ?"

"नाही आठवत, सर. खरंच नाही."

"तेव्हा आठवत होती?"

"तेव्हा तुम्ही नाव विचारलंत. ओळीचं नाही विचारलंत."

"रोझ-आल्मा तेव्हा हयात होती," सर म्हणाले. "दोन रस्ते पलीकडे राहत होती. मी हजेरीपट बघत बसलो."

"तू निदान काहीतरी विचारलंस, वॉल्टर," अ‍ॅग्नेसबाई म्हणाल्या. "मी ए दिला आणि पुढचं पत्र घेतलं."

"मग मी काय करू?" लॉरेननं विचारलं. ती एकदा यांच्याकडे बघत होती, एकदा त्यांच्याकडे.

सोमवारी सकाळची फेरी संपवून ती एकटीच गिरणीत गेली. काय झालं ते तिनं बाईंना फोनवर सांगितलं.

व्हिटकमबाईंनी आधी तिला बसायला सांगितलं आणि मग स्वतःच बसल्या. "म्हणजे हे खोटं आहे?"

"ते मला माहीत नाही."

"मग खरं आहे?"

"तेही माहीत नाही. कागद माझा आहे. चहा आमच्या घरचा."

"अहो, पण मग मी पाटीवर लिहू काय?"

त्यावर दोघींनी बराच विचार केला. दुपारच्या फेरीची वेळ झाली तरी काही ठरलं नाही. शेवटी व्हिटकमबाईंनी पेटी उघडून पत्र तिच्या हातात दिलं. त्या नाराज होत्या, पण दारापर्यंत सोडायला आल्या. "ती ओळ मला पाठ आहे," त्या म्हणाल्या. "ती कुणाची म्हणून लक्षात ठेवायची, तेवढं सांगा."

जूनमध्ये शिळा बसली. तिच्यावर ओळीऐवजी गिरणी सुरू झाल्याचं आणि बंद झाल्याचं साल आहे. पुढच्या वसंतात चौथीची मुलं डेल्फीन कुठं गेली म्हणून विचारत होती, कारण थोरल्या भावंडांनी त्यांना ती ओळ शिकवून ठेवली होती.

लॉरेन अजून बस चालवते. दर गुरुवारी सकाळची फेरी झाली की ती बस सेंट अ‍ॅनच्या चर्चमागे लावते आणि दुपारपर्यंत तिथल्या बाप्तिस्म्याच्या आणि दफनाच्या वह्या वाचते. आतापर्यंत तिला तीन डेल्फीन सापडल्या आहेत. एक तान्हेपणीच गेलेली आणि दोन वयानं बऱ्याच मोठ्या. सध्या ती १९०१च्या वहीत आहे.